रेकॉर्डची सीडी करायची तर आधी सुई बघा, रेकॉर्डर नंतर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या जुन्या रेकॉर्डची सीडी कशी करून घ्यावी यावर माहिती आली होती, विषय घेतलात ते फार बरं केलंत, कारण आमच्या मिरज-सांगली-कोल्हापूर भागात अजून कितीतरी घरांत माळ्यावर, ट्रंकेत, दिवाणाखाली एलपी आणि अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या पडून आहेत आणि त्यांचं करायचं काय हे घरातल्या पुढच्या पिढीला कळत नाही. पण त्यात शेवटी जो सल्ला दिलाय, की वर प्लेयर, खाली सीडी रेकॉर्डर, बाजूला स्पीकर असं सगळं एकात असलेलं मशीन आणा, बटण दाबा आणि सीडी तयार, तो वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण सुईबद्दलचं तेवढं कापू नका.

मुळात एक गोष्ट लक्षात घ्या. घरी रेकॉर्डची सीडी आपण एकदाच करतो. ती झाली की ती रेकॉर्ड परत कोणी लावत नाही, काही घरांत तर लगेच भंगारवाला नाहीतर जुना बाजार. म्हणजे त्या चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत सुईने जेवढं उचललं तेवढंच पुढे घरात राहणार. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतात, १६ बिटमध्ये, हे फिलिप्स आणि सोनीने ठरवलं आणि १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हापासून ते तसंच आहे, मशीन स्वस्त असो की महाग. साध्या रेकॉर्डरनेसुद्धा एलपीवर जे आहे ते सीडीत आरामात मावतं. जे बिघडायचं ते आवाज रेकॉर्डरपर्यंत पोचायच्या आधीच बिघडतं. म्हणून पैसे मोजके असतील तर आधी कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसते ती डबी, आणि सुई, मग फोनो प्रीअँप, म्हणजे तिथून येणारा बारीक आवाज वाढवणारा डबा, आणि उरतील ते रेकॉर्डरवर. दुकानात मात्र बोलणं सुरू होतं ते रेकॉर्डरच्या बटणांपासून आणि डिस्प्लेपासून.

त्या ऑल इन वन मशीनमध्ये बहुतेक वेळा सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि त्याची सुई रेकॉर्डवर ५-६ ग्रॅम वजनाने टेकते. मॅग्नेटवालं, म्हणजे ज्याला एमएम म्हणतात ते बरं कार्ट्रिज दीड ते अडीच ग्रॅमवर चालतं. एवढ्या फरकाने एकदा वाजवून रेकॉर्डची माती होत नाही हे खरं, पण वरची पट्टी चिरकते, स-श फाटतात आणि एलपीच्या आतल्या भागात, म्हणजे बाजू संपत येते तिथे, आवाज घुसमटतो. ख्यालाच्या एलपीवर नेमका तिथेच द्रुत असतो, ताना असतात, म्हणजे सगळ्यात मोलाचं तिथेच बिघडणार. जुना एचएमव्ही फिएस्टा घरात असेल तर तो जरूर जपा, त्यावर रेकॉर्ड ऐकण्यात वेगळीच मजा आहे, पण सीडी करायला तो वापरू नका. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास नीट चालते, सफायरची त्याच्या मानाने फारच कमी. घरातल्या टर्नटेबलला वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेली सुई असेल तर ती किती तास चाललीय कोणालाच सांगता येणार नाही, मग सरळ नवीन घ्या. नवी सुई बसवल्यावर वजन काट्यावर बघून लावा, छोटे डिजिटल काटे ऑनलाइन मिळतात, अंदाजाने नको.

दुसरं फोनो प्रीअँप. याची चौकशी बरेच जण करतच नाहीत. मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात आणि रेकॉर्डरच्या लाइन इनला, म्हणजे आवाज आत घ्यायच्या जोडणीला, लागतात त्याच्या शंभरेक पट तरी. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज कमी आणि वरचे स्वर जास्त करून कापलेले असतात, म्हणजे खाचा जवळजवळ बसतात आणि खरखरही दबते, आणि वाजवताना ते बरोबर उलटं करावं लागतं. १९५४ पासून यासाठी आरआयएए नावाचा एकच हिशेब ठरलेला आहे आणि तो उलटा करायचं काम फोनो प्रीअँप करतं. टर्नटेबलची वायर थेट लाइन इनला लावली की आवाज बारीक येतो आणि डग्गा गायब, नुसती तबल्याची चाट ऐकू येते. आणि टर्नटेबलमध्येच प्रीअँप असेल, त्याच्या मागे फोनो-लाइनचं छोटं स्विच असतं, ते लाइनवर ठेवून परत अँप्लिफायरच्या फोनोला जोडलं तर सगळं बोदं आणि फाटकं. एकदाच प्रीअँपमधून जायला पाहिजे, दोनदा नाही आणि शून्यदाही नाही. जुना चांगला अँप्लिफायर घरात असेल आणि त्याला मागे फोनो लिहिलेलं इनपुट आणि टेप आउट असेल तर वेगळं काही घ्यायलाच नको, टेप आउटमधून घ्या. घुंऽऽ असा हम येत असेल तर टर्नटेबलची ती बारीक वेगळी वायर अँप्लिफायरच्या ग्राउंडच्या स्क्रूला लागलीय का बघा, बऱ्याचदा तीच सुटलेली असते.

आता रेकॉर्डर कोणता. १९९७ च्या सुमारास फिलिप्सने घरी वापरायचे सीडी रेकॉर्डर आणले, पायोनियर, मरांझ, टियाक वगैरेंचेही आले. कॅसेट डेकसारखंच काम, लेव्हल लावा, रेकॉर्ड दाबा, शेवटी फायनलाइज करा, म्हणजे इतर प्लेयरवर वाजेल अशी ती पक्की करा, की झाली सीडी. ज्यांना कॉम्प्युटरशी झटापट नको त्यांना ते आजही आवडतात आणि मी कोणाला नको म्हणणार नाही, पण आता ते बहुतेक जुनेच मिळतात आणि घेताना दोन गोष्टी बघाच. एक म्हणजे या घरगुती रेकॉर्डरना साधी कॉम्प्युटरची सीडी-आर चालत नाही, ऑडिओ असं लिहिलेली वेगळी कोरी सीडी लागते, कारण १९९२ साली अमेरिकेत कायदा झाला, त्यात घरच्या डिजिटल कॉपीवर रॉयल्टी आणि कॉपीची कॉपी होऊ नये असं कुलूप आलं आणि रेकॉर्डर कोरी सीडी खरी ऑडिओवाली आहे का ते तपासूनच चालतो. आपल्याकडे दुकानात मिळतात त्या बहुतेक डेटाच्या. टास्कमसारख्यांचे प्रोफेशनल रेकॉर्डर मात्र साधी सीडी घेतात. दुसरं म्हणजे लेझर दमलेला असतो, दुकानात सीडी वाजते म्हणून ती लिहिलीही जाईल असं नाही, समोर एक पूर्ण सीडी रेकॉर्ड करून, फायनलाइज करून, दुसऱ्या प्लेयरवर वाजवून दाखव म्हणावं आणि मगच पैसे द्यावेत.

असा रेकॉर्डर घरात असेलच तर एक करा, थेट सीडी-आरवर घेऊ नका, ऑडिओची सीडी-आरडब्ल्यू, म्हणजे पुसून परत लिहिता येणारी सीडी, घ्या. तिच्यावर रेकॉर्ड करा, फायनलाइज करा, कॉम्प्युटरवर फाइल काढून घ्या, तिथे तुकडे पाडा, मग साध्या सीडी-आरवर लिहा. ती आरडब्ल्यू पुसून पुढच्या एलपीला वापरता येते, म्हणजे महागातली ऑडिओ सीडी एक-दोनच लागतात आणि मूळ फाइलही हातात राहते.

मला स्वतःला मात्र वाटतं आजच्या घडीला सगळ्यात बरी वाट लॅपटॉप आणि आवाज त्यात नेणारा एक छोटा यूएसबी इंटरफेस हीच. बेरिंजरचा यूएफओ २०२ आहे, त्यात फोनो प्रीअँपसुद्धा आहे, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात मात्र वायर घालू नका, ते बहुतेक मोनो असतं आणि माइकसाठीच केलेलं असतं. लॅपटॉपच नको असेल तर झूम किंवा टास्कमचे हातात मावणारे रेकॉर्डर आहेत, लाइन इन आहे ना ते बघून घ्यायचे, प्रीअँप अर्थात वेगळा. त्यात ऑटो लेव्हल असते ती आधी बंद करा. ऑटो लेव्हलमुळे काय होतं, आलाप चालू असला की मशीनला वाटतं आवाज कमी आहे, ते वाढवतं, खरखर वर येते, आणि तान आली की एकदम दाबतं. गवय्याने तासन्‌तास मेहनत करून आवाजाचा जो लहानमोठेपणा कमावलेला असतो तो सगळा सपाट होतो, हे फार वाईट वाटतं ऐकायला.

तसंच ऑटो ट्रॅक. सीडी रेकॉर्डरना शांतता ओळखून नवीन ट्रॅक पाडायची सोय असते आणि जाहिरातीत हे मोठं कौतुकाने सांगतात. सिनेमाच्या गाण्यांच्या नव्या कोऱ्या रेकॉर्डला ते चालतही असेल. पण जुन्या रेकॉर्डला दोन गाण्यांच्या मध्येही टिकटिक असते, मशीनला शांतता सापडतच नाही, पाच गाण्यांचा एकच ट्रॅक होतो. आणि उलट विलंबितात गायक थांबला, तंबोरे बारीक घेतलेले असले की तिथे ट्रॅक तुटतो, भर रागात. किशोरीताईंची किंवा कुमारजींची एलपी घ्या, एका बाजूला एकच राग, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ट्रॅक पाहिजे. तेव्हा रेकॉर्डर घेताना ऑटो ट्रॅक बंद करता येतं का आणि हाताने ट्रॅक पाडता येतो का हे विचारा. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, २००० सालापासून आहे, त्यात पूर्ण बाजू एकदम रेकॉर्ड करून मग जिथे पाहिजे तिथे खुणा करता येतात. सीडी लिहिताना ऑडिओ सीडी आणि डिस्क अॅट वन्स, म्हणजे अख्खी सीडी एका दमात, हे निवडायचं, नाहीतर सॉफ्टवेअर दोन ट्रॅकच्या मध्ये दोन सेकंदांची शांतता घालतं आणि मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ्या मध्येच तुटतात.

लेव्हलबद्दल. कॅसेटची सवय असलेले लोक काटा लालपर्यंत नेतात, कारण टेपवर थोडं लाल झालं तरी खपायचं. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काहीच नाही, तिथे आवाज कापलाच जातो आणि तो परत मिळत नाही. आधी एलपीवरची सगळ्यात मोठी जागा शोधून वाजवून बघा, ख्यालात द्रुत किंवा तराणा, आणि तिथेसुद्धा लेव्हल वजा ६ डेसिबलच्या वर जाणार नाही असं लावा. कमी लागली लेव्हल म्हणून घाबरायचं कारण नाही, १६ बिटला ९६ डेसिबलची जागा आहे आणि एलपीवर मुळात ६०-७० च्या आसपास असते, भरपूर शिल्लक राहते.

रेकॉर्ड आधी धुवा. विनाइल असेल तर डिस्टिल्ड वॉटर, त्यात अगदी थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल, लेबल भिजू द्यायचं नाही, मग उभी ठेवून वाळवायची. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यामुळे बुरशी धरलेल्या एलपी असतात, त्यासुद्धा यानं बऱ्यापैकी निघतात. पण अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, तिथे अल्कोहोलचा थेंबही नको, फक्त पाणी, तेही पटकन पुसून. ही एक ओळ तरी चौकटीत छापा अशी कळकळीची विनंती आहे.

धुतल्यावरही थोडी टिकटिक राहतेच आणि मग सॉफ्टवेअरने साफ करायचा मोह होतो. क्लिक काढायचं फिल्टर हलक्या हाताने चालेल, जास्त लावलं तर ते तबल्याची चाटसुद्धा क्लिक समजून खातं. नॉइज रिडक्शनच्या बाबतीत तर फारच जपा. ते सतत चालणारा बारीक आवाज शोधून काढून टाकतं, आणि आपल्या गाण्यात सतत चालणारा बारीक आवाज म्हणजे तंबोरा. मिरजेत जवारी लावणाऱ्या कारागिरांना विचारा एका तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झंकार, जमवायला किती वेळ जातो, आणि तीच आपण एका बटणाने पुसून टाकतो. करायचंच असेल तर नमुना घ्यायचा तो गाणं सुरू व्हायच्या आधीच्या रिकाम्या खाचेतला, तंबोरा सुरू झाल्यावरचा नाही, आणि थोडंसंच. न साफ केलेली मूळ फाइल वेगळी ठेवाच.

वेगाचंही बघायला लागतं. बऱ्याच घरांत मुलगा-मुलगी अमेरिकेतून टर्नटेबल आणतात. तिकडे वीज १२० व्होल्टची म्हणून स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावतात, पण तिकडे ६० हर्ट्झ आणि इकडे ५०, हे ट्रान्सफॉर्मर बदलत नाही. ज्या टर्नटेबलची मोटर थेट एसीवर चालते ती मग सहाच्या जागी पाच एवढ्याच वेगाने फिरते आणि सूर पेटीच्या काळ्या-पांढऱ्या धरून तीन पट्ट्यांनी उतरतो, म्हणजे काळी एकचा माणूस खालच्या काळी पाचवर येतो, बाईचा आवाज जाड येतो. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झवाल्या डायरेक्ट ड्राइव्हला हा प्रश्न नाही. घ्यायच्या आधी मागची पट्टी वाचा, ५०/६० दोन्ही लिहिलंय का.

अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांना सुईच वेगळी लागते. एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची, या तबकड्यांची खाच रुंद, तिला ७५ मायक्रॉनच्या आसपासची सुई पाहिजे, ती ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणून मिळते. एलपीची सुई घातली तर ती खाचेच्या तळाशी घरंगळत जाते, नुसती खरखर ऐकू येते आणि लोक म्हणतात रेकॉर्ड गेली. रेकॉर्ड गेलेली नसते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या ओडियनच्या तबकड्या आमच्याकडे लोकांनी अशाच खराब म्हणून टाकून दिल्या, बरोबर सुई लावली की तोच आवाज असा काही समोर येतो की आपण हलत नाही. टर्नटेबलला ७८ चा वेग नसेल तर ४५ वर वाजवून रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीत वेग बदलताना ४५ वरून ७८ अशी निवड आहे ती वापरा, खर्ज आणि वरच्या स्वरांचं प्रमाण थोडं बिघडतं पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरं. या तबकड्या मोनो असतात, स्टिरिओत घेऊन नंतर दोन्ही चॅनल एकत्र केले की बरीच खरखर कमी होते.

आता सीडीच का, हा प्रश्न घरातली तरुण मुलं विचारणारच, लॅपटॉपला सीडीची खाच राहिली नाही आणि नव्या गाड्यांनाही नाही. माझं म्हणणं सीडी करा, आजी-आजोबांना ती हातात घेऊन लावता येते, कव्हरचा फोटो आत ठेवता येतो, पण एकट्या सीडीवर भरवसा ठेवू नका. मोझर बेअरच्या कोऱ्या सीडी एकेकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळायच्या, ती कंपनी २०१८ साली लिक्विडेशनमध्ये गेली. जपानची तायो युडेन, जिच्या सीडी सगळ्यात भरवशाच्या मानल्या जायच्या, तिनेही २०१५ मध्ये कोऱ्या सीडीचं काम थांबवलं. चांगली कोरी सीडी दिवसेंदिवस दुर्मीळ होणार. लिहिलेली सीडी उन्हात ठेवली, वरच्या बाजूवर बॉलपेनने लिहिलं तर ती जाते. म्हणून फाइल फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न बिघडवता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात, दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा. एका एलपीला सीडीच्या दर्जात साधारण साडेचारशे एमबी लागतात, फ्लॅकमध्ये त्याहून बरेच कमी, आजच्या डिस्कवर शेकडो एलपी बसतात.

आणि रेकॉर्ड विकू नका, टाकू नका. पुढे कोणाकडे याहून चांगली सुई येईल, तेव्हा परत घेता आलं पाहिजे. एलपीच्या मागचा मजकूर, साथीदारांची नावं, कधीकधी तेवढीच एक नोंद असते की तबल्यावर कोण होतं. मुंबईत १९९० साली सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, त्या मंडळींनी हौसेने किती माहिती जमवून छापून ठेवलीय, ती सगळी घरोघरच्या अशा तबकड्यांतूनच आली.

कायद्याची भीती काही जण घालतात. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्वतःच्या खासगी वापरासाठी रास्त वापराला सूट आहे, स्वतःच्या रेकॉर्डची स्वतःला ऐकायला सीडी केली तर त्यात घाबरण्यासारखं मला काही दिसत नाही, विकायची किंवा वाटायची मात्र नाही. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे जी फार लोकांना माहीत नाही, ना-नफा सार्वजनिक वाचनालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीच असेल तर जतनासाठी ती डिजिटल करून ठेवायला परवानगी आहे.

म्हणूनच मला वाटतं प्रत्येक घराने स्वस्तातला डबा घेण्यापेक्षा गावात एकच चांगला सेट असावा. कोल्हापूरच्या देवल क्लबसारख्या जुन्या संस्था आहेत, गावोगावी संगीत मंडळं आहेत, शंभर-शंभर वर्षांची वाचनालयं आहेत. एक बरं टर्नटेबल, एलपीची आणि अठ्ठ्याहत्तरची अशा दोन सुया, एक प्रीअँप, एक इंटरफेस, जुना लॅपटॉप, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी बसणारा एक जाणता माणूस. ज्याची रेकॉर्ड त्याने स्वतः घेऊन यायचं, शेजारी बसून ऐकायचं, आपली फाइल किंवा सीडी आणि आपली रेकॉर्ड घेऊन घरी जायचं. खर्च एका ऑल इन वन मशीनपेक्षा जास्त आहे पण तो पन्नास घरांत वाटला जाईल. तुमच्या पेपरच्या स्थानिक पानावर अशी सोय कुठे आहे, कोण करायला तयार आहे, हे महिन्यातून एकदा छापलंत तर ही माणसं एकमेकांना सापडतील. मिरजेतलं कुठलंही वाचनालय पुढे आलं तर माझ्याकडची ३ मिलची सुई आणि प्रीअँप मी त्यांना द्यायला तयार आहे, शनिवार-रविवार स्वतः येऊन बसेन, त्यांनी फक्त न हलणारं एक टेबल आणि नीट अर्थिंग असलेला प्लग द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज